वरकुट्याच्या मोटारीचं हेड

ज्या मोटारीचं ग्यासकीट मी दोनदा बदललं होतं, ती मोटार बैलजोडीनं ओढत बारामतीत आणली. तीसुद्धा भर बाजाराच्या दिवशी.

पुढं कासरा धरलेला गडी, मग दोन खिल्लारी बैल, त्यांच्या जूला दोरखंडानं बांधलेली ती हिरवी अमेरिकन मोटार, आणि आत स्टेअरिंग धरून ड्रायव्हर. वरातीत बसल्यासारखा ऐटीत बसला होता तो. मागं पोरांची रांग. भाजीच्या पाट्या सोडून माणसं बघायला उठली. एक जण म्हणाला, "खानदेशी मिस्तरीनं इंजिन बदललं जनू. आता कडबा खातंय!" आणि सगळा रस्ता हसला.

मी गॅरेजच्या दारात हातात पाना घेऊन उभा होतो. मला तो पाना कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला. कुणाच्या, ते मात्र कळत नव्हतं. म्हणून तो राग इतकी वर्षं टिकला असावा.

तेव्हा मी बाविशीचा होतो. गाव तापीकाठचं, चोपड्याच्या बाजूचं. मराठी पाचवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. धुळ्याच्या मोटार-अड्ड्यावर सात वर्षं काढली, इंजिनं शिकलो. पुढं सरकी भरलेल्या एका लॉरीबरोबर या मुलखात आलो. बारामतीच्या बाहेर लॉरी मोडली, तिचा ड्रायव्हर पुण्याहून सामान आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. मी त्या लॉरीच्या राखणीला बसून राहिलो. समोर इंदापूरच्या रस्त्याला एक पत्र्याचं गॅरेज होतं. त्याचे मालक तीन दिवस मला नुसतं बघत होते. चौथ्या दिवशी त्यांनी हाक मारली, "ए पोरा, जेवलास का?" मी नाही म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "पाना धरता येतो?" मी त्यांच्या पुढ्यातला बंद पडलेला पंप खोलला आणि चालू करून दिला.

तेव्हापासून मी तिथला. मालकांनी लढाईत फौजेची लॉरी हाकली होती. मोटार चालवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण इंजिन खोलायचं म्हटलं की ते दोन पावलं मागं सरायचे. ते काम माझं. चौथ्या महिन्यात त्यांनी गिऱ्हाइकासमोर मला "आमचा मिस्तरी" म्हटलं. रात्रभर तो शब्द माझ्या कानात होता. घरी पत्र लिहिलं तेव्हा पहिल्याच ओळीत तो लिहिला.

आणि मालकीणबाई. त्यांना मी वहिनी म्हणायचो. त्या मला भावजी म्हणायच्या, त्या गावात दुसरं कुणी मला नात्यानं हाक मारणारं नव्हतं. आमच्या अहिराणी बोलीला लोक हसायचे. "काय रं, ही गुजराथी हाय का मारवाडी?" वहिनी कधी हसल्या नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात मला मुदतीचा ताप आला. टायरांच्या खोलीत एकवीस दिवस पडून होतो. ज्वारीचा मुलूख तो, तांदूळ घरात सणापुरता आणि पूजेपुरता. वहिनींनी डब्यातला तेवढा तांदूळ काढून मला रोज पेज करून घातली. मी ते विसरलो नाही. विसरणार नाही. पुढं जे घडलं ते सांगताना हे आधी सांगायला हवं, नाहीतर माझा राग नुसता कृतघ्नपणा वाटेल.

मोटार वरकुट्याच्या एका बागाईतदारांची. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही म्हणायचो. वांगी, टोमॅटो, कांदे, थोडी केळीची बाग. लढाईनंतरच्या लिलावात फौजेची मोटार त्यांनी घेतली आणि मागची बाकं काढून टाकली. आठवडाभर त्यात भाजी यायची, आणि लग्नकार्य असलं की तीच मोटार धुऊन, सतरंजी घालून बायामाणसं बसायची. मोटारीला कायम कोथिंबिरीचा वास. तिच्यावर एक ड्रायव्हर होता, मिशाळ, तोंडाळ. तात्यांची मोटार म्हणजे आमच्या गॅरेजची शान. तालुक्यातले बाकीचे मोटारवाले तात्यांकडं बघून आमच्याकडं यायचे.

नवरात्रात ती मोटार पहिल्यांदा आली. इंजिन तापून पाणी बाहेर फेकत होती. आता इंजिनाचं थोडं सांगतो. इंजिनाच्या वरच्या झाकणाला हेड म्हणतात, खालच्या धडाला ब्लॉक. दोघांच्या मधे तांब्याचा पातळ पत्रा असतो, ते ग्यासकीट. वरून बोल्ट आवळले की पत्रा दाबला जातो, आणि सिलिंडरातला जाळ जाळाच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी राहतं. पत्रा कुठं दबला नाही तर जाळ पाण्यात शिरतो आणि रेडिएटरात पाणी आधणासारखं रटरटायला लागतं. मी हेड उतरवलं. ग्यासकीट तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधे जळालं होतं, हेडही केसभर वाकलं होतं. हेड घासून सपाट करायला पुण्याला पाठवलं. ब्लॉक उघडाच राहिला, गॅरेजच्या मधोमध.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. सगळी हत्यारं मी रॉकेलनं धुऊन, पुसून पाटावर मांडली, लहानमोठी ओळीनं. वहिनी ताट घेऊन आल्या. पाटावरच्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं आणि त्यांची नजर त्या उघड्या इंजिनाकडं गेली.

"भावजी, ह्याचं काळीज काढून ठिवलंय व्हय?"

"पुण्याला गेलंय, वहिनी. येईल दोन दिवसांत."

"आन् मग ह्याला तसंच उपाशी ठिवनार व्हय सनाचं?"

त्या वाकल्या. चार सिलिंडरांना चार कुंकवाची बोटं लावली, मधे झेंडूचं फूल ठेवलं, आणि मूठभर अक्षता वरून टाकल्या. मग माझ्या कपाळाला बोट टेकवून म्हणाल्या, "तुमच्या हाताला यश ईऊं द्या." मालक मागून म्हणाले, "आगं त्येच्या हाताला कशाला, तात्यांच्या ड्रायवरच्या डोक्याला यीऊ दे." सगळे हसलो. मला भरून आलं होतं. घरापासून इतक्या लांब माझ्या कपाळाला सणाचं कुंकू लागत होतं.

दसऱ्यानंतर हेड आलं. ब्लॉकवरचं फूल, कुंकू, अक्षता मी रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढल्या. एका दमात, पुढून मागं. मग तळहात फिरवून बघितला, काचेसारखं लागलं. नवं ग्यासकीट घातलं, हेड ठेवलं, आणि मधून सुरुवात करून बाहेर, तिरप्या क्रमानं बोल्ट आवळले. बोल्ट किती आवळावा याचं माप आमच्याकडं नव्हतं. पान्याला हातभर पाइप जोडायचा आणि हाताला जे कळतं ते माप. त्या मापाचा मला गर्व होता. गर्व म्हणतो, कारण दुसरं माझ्याकडं होतं काय?

मोटार गेली. आठव्या दिवशी परत आली, वाफा सोडत.

ड्रायव्हर खाली उतरला तो तोंड सोडूनच. "मिस्तरी, तुमच्याकडं केळी पिकत्यात ना? मग केळीच पिकवायची. हितं इंजिन शिजवाया कशाला आला?"

मी रेडिएटरचं झाकण फडक्यानं उघडलं. आत पिवळंजर्द पाणी.

"हे काय?"

"हळद हाय. गळाया लागली म्हनून टाकली. समदेच टाकत्यात."

खरं होतं ते. पाणी गळत असलं की मूठभर हळद टाकायची, ती भेगेत बसते आणि गळती थांबते, असा त्या रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांचा इलाज. पण मला कारण सापडलं होतं, आणि घाबरलेल्या माणसाला कारण सापडलं की तो त्याला सोडत नाही. मी ओरडलो की हळदीनं पाण्याच्या वाटा बुजल्या, इंजिन तापलं, म्हणून ग्यासकीट गेलं. माझ्या हाताचा काही दोष नाही. मालकांनीही तेच धरलं. तात्यांच्या कानावर घातलं. तात्या शांतपणे म्हणाले, "हळद टाकली ती पानी गळाया लागल्यावर. आधी का गळलं ते सांगा."

दुसऱ्यांदा हेड उतरवलं. उतरवण्याआधी बोल्टांवर पाना टाकून बघितला होता. मागच्या बाजूचे तीन बोल्ट ढिले. पाव फेरा, एक तर अर्धा. मी म्हटलं, ग्यासकीट बसलं असेल, म्हणून ढिले झाले. तिथंच थांबून विचार करायला हवा होता. बाकीचे अकरा का ढिले झाले नाहीत? पण ड्रायव्हर उंबऱ्यावर बसून विडी ओढत होता आणि दर पाच मिनिटांनी "झालं का, खानदेश?" म्हणत होता. मला फक्त त्याला त्या उंबऱ्यावरून उठवायचं होतं. सगळ्या पाण्याच्या वाटा तारेनं साफ केल्या, पिवळं पाणी गटारात सोडलं, हेडवर आणि ब्लॉकवर लोखंडी पट्टी उभी धरून मागं दिवा ठेवला. कुठूनही उजेड आला नाही. दोन्ही सपाट. नवं ग्यासकीट. तोच पाइप, तोच हात, या वेळी थोडा जास्तच जोर.

आणि तीच मोटार मग बैलांनी ओढत आली.

त्या दिवशी तात्या पाठोपाठ घोडागाडीनं आले. पांढरं धोतर, काळी टोपी, धुळीनं दोन्ही तांबूस झालेली. मोटारीवर वांग्यांच्या पाट्या तशाच होत्या, उन्हानं कोमेजलेल्या. गॅरेजात शिरले आणि मालकांना म्हणाले, मी समोर उभा असताना, जसा मी तिथं नाहीच:

"आबा, आपला घरोबा जुना हाय म्हनून सांगतो. आनखी एक डाव बघतो. मी सोता हितं बसनार. माझ्या डोळ्यादेखत करू द्या त्याला. पुन्ना गळली, तर एक तर हा मिस्तरी हितं ऱ्हाईल, न्हाय तर माझी मोटार हितं यील. दोन्ही न्हाय."

मालक म्हणाले, "व्हय तात्या."

एवढंच. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी. तो 'व्हय' त्यांनी इतक्या लवकर म्हटला की मला वाटलं, त्यांनी तो घरूनच तयार करून आणला होता. तात्यांची मोटार गेली तर तिच्यामागं तालुक्यातल्या निम्म्या मोटारी जाणार, हे मलाही कळत होतं. पण कळणं आणि सोसणं वेगळं. मी कुठं जाणार होतो? धुळ्याला परत? "बारामतीहून काढून टाकला, हेड बसवता येत नाही" ही गोष्ट माझ्याआधी तिथं पोचली असती. मोटारीच्या धंद्यात ड्रायव्हर ही पोस्टाहून जलद जात. आणि घरी त्या पत्रात पहिल्या ओळीत मिस्तरी लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले आणि बाकड्यावर बसले. ड्रायव्हर उंबऱ्यावर. मालक गल्ल्याच्या टेबलामागं, पण काम काही करत नव्हते. वहिनींनी आतून चहा पाठवला. मी माझा कप खाली ठेवला आणि तो तसाच थंड झाला.

हेड उतरवलं. पाना एकदा निसटला आणि बोटाचं साल गेलं.

"सावकाश," तात्या म्हणाले.

"सावकाशच चाललंय," ड्रायव्हर म्हणाला, "दसऱ्यापास्नं."

मी त्याच्याकडं वळलो आणि तोंडातून घरची बोली बाहेर पडली. "मन्ही चूक नहीं! आयकं का? मन्ही नहीं!" एवढं ओरडलो की रस्त्यावरचा माणूस थांबला. कुणाला त्यातला एक शब्द कळला असेल नसेल. ड्रायव्हर पुन्हा हसणार होता, पण तात्यांनी हात वर केला. "हसू नगंस. काय म्हनतोय त्ये कळलं मला."

त्या ओरडण्यानं एक झालं. हात ठिकाणावर आले. रागाचा उपयोग झालेला मी तेवढा एकदाच बघितला.

मी काढलेलं ग्यासकीट उचललं आणि दाराशी उन्हात नेलं. याआधी दोन्ही वेळा मी जळालेली जागा बघितली होती आणि पत्रा फेकून दिला होता. आता सगळा पत्रा बघितला. हेड जिथं दाबतं तिथं तांबं चकचकीत होतं आणि त्यावर वळ उठतात. पुढच्या बाजूला वळ स्वच्छ होते. मधेही होते. मागं, तीन बोल्टांच्या भोवती, तांबं मळकट होतं. जसं दुकानातून आलं तसं. तिथं पत्रा दबलाच नव्हता.

म्हणजे सपाटीचा दोष नाही. हळदीचा नाही. पुण्याच्या मालाचा नाही. मी तीन बोल्ट जीव खाऊन आवळले होते आणि ते तीन बोल्ट काहीच दाबत नव्हते.

हे कसं होईल? बोल्ट ताणले गेले असतील म्हणून चौदाच्या चौदा शेजारी उभे करून मापले. सगळे एका उंचीचे. मग हेड बाजूलाच ठेवलं आणि एकच बोल्ट घेऊन ब्लॉकच्या पहिल्या भोकात नुसत्या बोटांनी फिरवला. पार खाली गेला, हेडच्या जाडीपेक्षा कमीच वर राहिला. दुसऱ्यात तसाच. तिसऱ्यात तसाच. मागच्या भोकात आलो. बोल्ट अडकला. बाकीच्यांपेक्षा बोटाच्या अर्ध्या पेरानं वरच. जोर लावला, हलेना. शेजारच्या दोन भोकांतही तेच.

ब्लॉकची ती भोकं खालून बंद असतात, विहिरीसारखी. तळाशी काहीतरी होतं. बोल्ट त्या काहीतरीवर टेकून घट्ट लागत होता, माझ्या हाताला वाटत होतं आवळला, आणि हेडवर त्याचा भार येतच नव्हता. इंजिन तापलं की तळाचं ते काहीतरी जळून खचायचं आणि बोल्ट ढिला व्हायचा. पाव फेरा, अर्धा फेरा. माझ्या हाताचं माप! ज्याचा गर्व, त्यानंच मला दोनदा फसवलं होतं.

कोपऱ्यात सायकलचं जुनं चाक पडलं होतं. त्याची एक स्पोक तोडली, टोक वाकवलं आणि मागच्या भोकात घातली. खरवडली. काळा चिकट गोळा आला, डांबरासारखा. पुन्हा घातली. पुन्हा काळं. तात्या बाकड्यावरून उठून जवळ आले. मालकही आले. मी खरवडत राहिलो. कितव्यांदा तरी स्पोकच्या वाकड्या टोकाला एक दाणा लागून आला. भोकाच्या आट्यात चिकटून राहिल्यानं तो चुरला नव्हता. एका बाजूनं करपलेला, एका बाजूनं पांढरा, आणि पांढऱ्या बाजूवर फिक्कट लाल.

मी तो तळहातावर घेतला. मला दोन श्वासांत कळलं. सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं: वाकलेल्या वहिनी, मूठ, आणि दसऱ्यानंतर माझं ते फडकं, एका दमात, पुढून मागं. अक्षता मागच्या भोकांत लोटत.

"काय निघालं?" तात्यांनी विचारलं.

मी मालकांकडं बघितलं. मालक माझ्या तळहाताकडं बघत होते. त्यांनाही कळलं. चेहऱ्यावरून कळलं मला, त्यांना कळलं ते. मी वाट बघितली. एक शब्द ते बोलतील असं वाटलं. पूजेचं होतं तात्या, अनवधानानं झालं, पोराचा हात चांगला आहे. एवढं बोलायला काय लागतं? तात्या देवाधर्माचे, हसून सोडून दिलं असतं त्यांनी.

मालकांनी माझ्या तळहातावर आपली बोटं ठेवली आणि तो दाणा चुरडला. "घान हाय तात्या, दुसरं काय. मिस्तरीनं भोकं साफ केली न्हाईत बसवायच्या आदी. तरनं पोरगं हाय. ऱ्हाऊन गेलं."

आणि ते खरं होतं! हाच तर त्यातला विखार. हेड बसवण्याआधी भोकं साफ करायची, हे धुळ्याला मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी सपाटी तीनदा पुसली आणि भोकात एकदाही डोकावलो नाही. मालक खोटं बोलले नाहीत. त्यांनी फक्त अर्धं उचललं आणि ते माझ्या डोक्यावर ठेवलं.

तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आसू दे. चुकतं मानूस. पर सोताच शोदून काढलंस, ह्ये चांगलं केलंस." ड्रायव्हरला म्हणाले, "ऊठ रं, उंबऱ्यावर काय बसलाईस." त्यांनी मला माफ केलं होतं. माझे कान तापले. अर्धीच माझी असलेली चूक त्यांनी पुरती माझी धरून माफ केली, आणि मला मान खाली घालून "व्हय तात्या" म्हणावं लागलं.

तिन्ही भोकं मी लोखंड दिसेपर्यंत खरवडली. पंपानं हवा मारली. मग उरलेली अकराही. प्रत्येकात स्पोक टाकून खोली मापली, बोटाचं नख लावून. ग्यासकीट घातलं, हेड ठेवलं, आवळलं. मागचे तीन बोल्ट आवळताना पान्याला जे लागलं ते वेगळंच होतं. आधीचं 'घट्ट' दगडावर पाय आपटावा तसं एकदम लागायचं. हे हळूहळू येत होतं, थोडं दबत, थोडं देत. इतकी वर्षं झाली, पण तो फरक माझ्या मनगटात अजून आहे.

दुपारी इंजिन चालू केलं. तासभर चालत ठेवलं. रेडिएटरात पाणी झोपलेलं. मग तात्या स्वतः बसले आणि इंदापूरच्या नाक्यापर्यंत जाऊन आले. बोल्ट तपासले, एकही हलला नाही. मोटार वरकुट्याला गेली आणि त्या हेडसाठी पुन्हा कधी आली नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर मी मालकांना धरलं. खरंच धरलं, सदऱ्याच्या बाहीला.

"तुम्ही बघितलं होतं काय निघालं ते."

"बगितलं."

"मग?"

"मग काय? तात्यास्नी सांगू, माज्या बायकूनं देवाच्या आक्षता टाकल्या आन् तुमची मोटार बुडाली? उद्या समद्या वरकुट्यात व्हईल. आन् तिला घरात काय सांगू? पूजा करू नगंस म्हनू?"

"माझं नाव गेलं त्यात."

"तुजं नाव गेलं, पर तू ऱ्हायलास न्हवं?" ते बाही सोडवून घेत म्हणाले. "तुला न्हाय पटत ना? तर जा. आत हाय ती. तूच सांग तिला."

मी गेलो. त्या रागात मी खरंच गेलो. गॅरेजच्या मागं त्यांचं घर, मधे अंगण. माझ्या मुठीत ती स्पोक होती, टोकाला काळं लागलेली. सांगायचं वाक्य मी अंगणात तयार केलं. वहिनी, तुमच्या अक्षतांनी माझी लाज गेली. इतकं सरळ.

त्या स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या. मला बघून थांबल्या.

"भावजी, मोटार गेली? आवाज आला."

"गेली."

"आता न्हाय ना गळायची?"

"नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि हात जोडून कपाळाला लावले. मग हसून म्हणाल्या, "मला वाटलंच व्हतं. उशीर लागला खरा, पर पूजा वाया जात न्हाय. त्या दिशी तुमच्या इंजिनाला कुनी इचारत न्हवतं, मी वाहिलं, ध्यानात हाय न्हवं?"

मुठीतली स्पोक तळहाताला टोचत होती. त्यांच्या मागं फळीवर तांदळाचा तो डबा दिसत होता, कल्हई गेलेला, पोचा पडलेला. एकवीस दिवस मी पडल्या पडल्या त्याच्या झाकणाचा आवाज ऐकला होता.

"व्हय," मी म्हणालो. "ध्यानात आहे."

"बसा मग. भाकरी टाकते. काल दुपारपास्नं तुमी जेवला न्हाईत, बगितलंय मी."

मी बसलो. स्पोक पाटाखाली सरकवली, त्यांना दिसू नये म्हणून. त्यांनी ताटात भाकरी वाढली, वर पिठलं, आणि मी खाली मान घालून खाल्लं. घास गिळवत नव्हता इतका राग होता, आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या.